पंधराशे व्होल्टची मुंबई

१९२५ साली सह्याद्रीच्या पायथ्याहून मुंबईत येणारी वीज एका जातीची होती आणि रेल्वेगाडीच्या मोटारीला लागत होती दुसऱ्या जातीची. टाटांच्या वीजघरांतून निघायचा तो एसी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करत सतत दिशा बदलणारा प्रवाह. गाडीला हवा होता डीसी, एकाच दिशेने वाहणारा, आणि तोही १५०० व्होल्टचा. दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं राहून वीज बदलून देणं भाग होतं. पुढची ९१ वर्षं मुंबईची लोकल धावली ती या बदलाच्या जोरावर.

वीज बदलण्याचं हे काम व्हायचं रुळांच्या कडेच्या सबस्टेशनांमध्ये. रेल्वेची माणसं त्यांना टीएसएस म्हणतात. लाखो लोक रोज त्यांच्या शेजारून गेले, पण खिडकीतून त्यांच्याकडे बघावं असं कुणाला वाटलं नाही. मुंबईच्या गिरण्यांवर, चाळींवर, डबेवाल्यांवर ढिगाने लिहिलं गेलं. या इमारतींमध्ये काय चालायचं, त्यासाठी कुणाच्या जमिनी गेल्या आणि पुढे सगळी व्यवस्था उलटी का फिरवावी लागली, ही गोष्ट मात्र इंजिनिअरांच्या फायलींत पडून राहिली. ती शहराची गोष्ट आहे, म्हणून बाहेर यायला हवी.

मुंबईला डीसी तसा नवा नव्हता. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम सुरू झाली ती डीसीवरच. ट्रामच्या मोटारीचं आणि पुढे लोकलच्या मोटारीचं कूळ एकच, डीसी सिरीज मोटर. उभ्या गाडीला पहिला हिसका द्यायला जो जबरदस्त जोर लागतो, तो ही मोटर सहज देते. त्या काळी एसीवर चालणारी, तितकीच जोरकस आणि वेग हवा तसा बदलू देणारी मोटर बनवणं अवघड होतं. म्हणून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत बोरीबंदरहून कुर्ल्याकडे हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी निघाली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, डीसी निवडला यात नवल नव्हतं. तो त्या काळचा सर्वांत शहाणा पर्याय होता. जानेवारी १९२८ मध्ये बीबीसीआय, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या, विजेच्या गाड्या कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत जाऊ लागल्या. १९२९ मध्ये जीआयपीच्या तारा बोरघाट चढून पुण्याला पोहोचल्या, १९३० मध्ये थळघाटातून इगतपुरीला.

या तारांसाठी लागणारी वीज बदलून देणारं पहिलं यंत्र होतं रोटरी कन्व्हर्टर. एकाच आसावर फिरणारं लोखंड आणि तांब्याचं भलंमोठं धूड. त्याच्या एका टोकाला गुळगुळीत कड्या, त्यांतून एसी आत यायचा. दुसऱ्या टोकाला तांब्याच्या शेकडो पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर कार्बनचे ब्रश घासत राहायचे आणि तिथून डीसी बाहेर पडायचा. एका यंत्राला १५०० व्होल्ट झेपणं कठीण, म्हणून दोन यंत्रं एकापाठोपाठ जोडून प्रत्येकाकडून ७५० व्होल्ट घ्यायची त्या काळची रीत होती. यंत्र सुरू करायचं म्हणजे आधी त्याला ठरलेल्या वेगाला आणायचं, एसीच्या तालाशी त्याचा ताल जुळवायचा आणि मगच जोडणी करायची. हे माणसाच्या देखरेखीखाली चालणारं काम होतं. ब्रशची ठिणगी वाढली की कम्युटेटर काळा पडायचा, तो घासून स्वच्छ करावा लागायचा. जमिनीला हादरे बसायचे, कानाला घरघर. तेलाचा आणि तापलेल्या कार्बनचा वास भिंतींना धरलेला असायचा.

पण या धुडात एक गुण होता, जो नंतरच्या पन्नास वर्षांत आलेल्या कुठल्याही चकचकीत यंत्रात नव्हता. ते दोन्ही बाजूंनी चालायचं. एसी दिला तर डीसी द्यायचं आणि डीसीच्या बाजूने वीज ढकलली तर ती एसी करून परत जाळ्यात पाठवायचं.

हा गुण कुठे कामाला येतो, ते घाटात कळतं. बोरघाटाचा आणि थळघाटाचा चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. वाफेच्या काळात बोरघाटात गाडी उलटी फिरवून पुढे न्यायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. विजेबरोबर १९२९ मध्ये नवे बोगदे खणून ते मोडीत निघालं. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून पहिली इंजिनं आली. मधोमध केबिन, दोन्हीकडे लांब नाकाडं, बगलेला चाकांना जोडणारे दांडे. रेल्वेच्या कागदांत त्यांचं नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. चालवणाऱ्यांनी मात्र त्यांना ठेवलेलं नाव खेकडा. यांतलंच एक, ‘सर लेस्ली विल्सन’, आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

खेकड्याची खरी करामत उतारावर दिसायची. मालगाडी खाली येताना ड्रायव्हर मोटारींची जोडणी बदलायचा. मग त्या मोटारी गाडी ओढायच्या नाहीत, गाडीच त्यांना फिरवायची. मोटर जनरेटर व्हायची, गाडीला आपोआप आवर बसायचा आणि तयार झालेली वीज पेंटोमधून, म्हणजे छतावरच्या दांड्यातून, वरच्या तारेत जायची. त्याच वेळी एखादी गाडी चढत असेल तर ती ही वीज ओढून घ्यायची. आज जगभर ज्याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, ते सह्याद्रीत १९२८च्या इंजिनांनी करून दाखवलं होतं, आणि रस्त्यावरच्या मोटारगाड्यांना ही कला यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. मराठी मुलुखातल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे ठळक अक्षरांत लिहिण्याजोगं आहे.

चढणारी गाडी नसली तर मात्र अडचण. परत आलेली वीज कुणीतरी खायला हवी. रोटरी यंत्र ती मागे ढकलू शकायचं. त्यानंतर आलेल्या यंत्राला ते जमत नव्हतं.

ते यंत्र म्हणजे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर. अमेरिकेच्या पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२च्या सुमारास त्याचा शोध लावला. हवा काढून टाकलेल्या भांड्याच्या तळाशी पारा, वर अनेक अ‍ॅनोड. पाऱ्यावर ठिणगी पेटली की पाऱ्याच्या वाफेतून वीज एकाच दिशेने जाते, उलटी येत नाही. लहान क्षमतेची भांडी काचेची असत, आणि चालू असताना त्यांच्यात निळा-जांभळा प्रकाश भरून राही. तळाच्या पाऱ्यावर एक झगझगीत ठिपका सैरावैरा पळत असे. रेल्वेला लागणाऱ्या मोठ्या क्षमतेसाठी पोलादी टाक्या, त्यांना हवा खेचणारे पंप आणि थंड ठेवायला पाणी. फिरणारा भाग एकही नाही, म्हणून घरघर नाही, ब्रश नाहीत. धोका एकच, बॅकफायर. कधी भलत्याच अ‍ॅनोडवर ठिणगी पेटली की प्रवाह उलटा उसळायचा आणि ब्रेकर धाडकन ट्रिप व्हायचा. तरीही रोटरीच्या मानाने ही सुखाची नोकरी होती. पुढच्या दशकांत पाराही गेला आणि त्याच्या जागी सिलिकॉनचे डायोड आले. मुठीत मावणारे, न बोलणारे, न हलणारे. देखभाल घटली, कार्यक्षमता वाढली. पण पारा काय किंवा डायोड काय, दोघांचा रस्ता एकेरीच.

या सगळ्याच्या मुळाशी होतं ते पाणी. टाटांचं खोपोलीचं वीजघर ८ फेब्रुवारी १९१५ रोजी सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, घाटमाथ्यावरून पाइपातून खाली सोडायचं आणि पायथ्याशी वीज करायची, अशी योजना. १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणातून येणार होतं, आणि मुळशीचं धरण म्हणजे मावळातल्या भातखाचरांची राख. जमीनमालकांना न विचारता चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली आणि मावळा उठला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. बापट तुरुंगात गेले, धरण पुरं झालं.

मुंबईच्या विद्युतीकरणाची कुठलीही हकिकत मुळशीचं नाव घेतल्याशिवाय सांगणं अप्रामाणिकपणाचं आहे. शहराच्या गिरण्या, दिवे आणि गाड्या एकीकडे, मावळातली बुडालेली शेतं दुसरीकडे. जीआयपीने स्वतःचं कोळशाचं वीजघरही ठाकुर्लीला उभारलं, तिथला चोळा पॉवर हाउस जुन्या कल्याणकरांना अजून आठवतो. पण डोंगरातल्या पाण्याचा मुंबईवरचा उपकार त्याने फिटला नाही.

स्वातंत्र्यानंतर वाट वळली. पन्नाशीच्या दशकात भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या रेल्वेचा अनुभव पाहून ठरवलं की पुढचं विद्युतीकरण २५,००० व्होल्ट एसीवर करायचं. कारण साधं गणित आहे. गाडीला ३ मेगावॉट शक्ती हवी असेल तर १५०० व्होल्टवर तारेतून २,००० अँपिअर न्यावे लागतात, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. प्रवाह जितका जास्त, तितकी तार जाड, तितकी वाटेत उष्णतेत जिरणारी वीज जास्त. म्हणूनच डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं. एसीला कितीतरी लांब अंतरावर एक पुरतं. देशभर एसीच्या तारा पसरत गेल्या, मुंबई मात्र आपल्या १५०० व्होल्टवर बसून राहिली. ज्याने सर्वांत आधी केलं, त्याच्याच गळ्यात जुनं पडतं. शेकडो किलोमीटरांचं जाळं, शेकडो गाड्या, रोजचे लाखो प्रवासी, आणि हे सगळं एका दिवसासाठीही बंद ठेवता येत नाही. अशा ठिकाणी वीज बदलणं म्हणजे चालत्या माणसाच्या पायातले जोडे बदलण्यासारखं.

सीमेवर त्यामुळे विचित्र प्रकार चालत. पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे एसी, अलीकडे डीसी. १९७५ मध्ये दोन्ही विजांवर चालणारं डब्ल्यूसीएएम-१ हे इंजिन आलं आणि मग चालत्या गाडीतच जात बदलता येऊ लागली. मध्य रेल्वेवर इगतपुरीला इंजिन बदलायची प्रथा मात्र पुढेही बरीच वर्षं रेंगाळली.

दरम्यान लोकलमध्ये काय चालायचं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. मोटरमन नॉच देई, की डब्याखाली काँटॅक्टर खटाखट बसत. सुरुवातीला सगळी वीज थेट मोटारीला दिली तर मोटर जळेल, म्हणून मध्ये रोधक, म्हणजे रेझिस्टन्स, घालून ती अडवायची आणि वेग वाढेल तसे एकेक रोधक काढत जायचं. प्रत्येक पायरीला गाडी एक झटका देई. उभे प्रवासी सवयीने पाय रोवून असत. अडवलेली वीज कुठे जाई? रोधकाच्या जाळ्या तापवण्यात. प्रत्येक स्टेशनावरून निघताना लोकल थोडी वीज तापात घालवत असे, आणि थांबताना चाकांवर ब्रेक घासून उरलेला जोर पुन्हा तापात. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, आणि दर दोन-तीन किलोमीटरला थांबा.

ही गळती थांबवायचं साधन सिलिकॉनमधूनच निघालं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर बनला: डायोडसारखाच एकेरी, पण कधी उघडायचं ते आपण सांगू शकतो असा. त्याने वीज बदलण्याच्या धंद्याला मेंदू दिला. पण एकदा उघडला की तो स्वतः बंद होत नसे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी पुढे आणला. मद्रासमध्ये जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बालिगा. आयजीबीटी सेकंदात हजारो वेळा उघडतो आणि मिटतो, तोही नाममात्र शक्तीच्या इशाऱ्यावर. डीसीचे असे बारीक तुकडे करून त्यांच्यातून हव्या त्या वारंवारतेचा एसी घडवता येतो. मग ब्रशवाली डीसी मोटर हवीच कशाला? साधी, ब्रश नसलेली, चिखलपाण्याला न भिणारी थ्री-फेज मोटर डब्याखाली बसवता येते, वारंवारता हळूहळू वाढवत तिचा वेग वाढवता येतो आणि थांबताना तीच मोटर वीज परत देते. २६ जुलै २००५ च्या पुरात रुळांवरच्या पाण्याने अडकून पडलेले रेक ज्यांनी नंतर कारशेडमध्ये दुरुस्त केले, त्यांना डब्याखालची मोटर सुकी राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

१२ नोव्हेंबर २००७ रोजी पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाचा पहिला नवा रेक धावला. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई रेल्वे विकास महामंडळाने आणलेला, सिमेन्सच्या विद्युत यंत्रणेचा. त्याच्या आत आयजीबीटी होते, आणि तो १५०० व्होल्ट डीसीवरही चालत होता, २५,००० व्होल्ट एसीवरही. प्रवाशांना तंत्र माहीत नव्हतं, पण कानाने फरक ओळखला. झटके गेले, आणि गाडी निघताना चढत जाणारा एक सूर ऐकू येऊ लागला. रेल्वेच्या हिशेबाने ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेने ३० टक्क्यांच्या आसपास बचत झाली. दाट वाहतूक इथे कामी आली: एक लोकल थांबते तेव्हा पाच मिनिटांच्या अंतरात दुसरी निघत असते.

दोन्ही विजांवर चालणारे रेक आले म्हणून तारा बदलणं शक्य झालं. काम मात्र रात्रीच्या ब्लॉकमध्ये, वर्षानुवर्षं. आधी डीसी चालू असतानाच तारेचे इन्सुलेटर २५,००० व्होल्टचे लावून घ्यायचे. ब्रिटिशांच्या काळातल्या पुलांखाली तार आणि पोलादामध्ये पुरेशी जागा नसे. तिथे रूळ खाली घ्यायचे, पूल उचलायचे किंवा वेगावर बंधन सोसायचं. सिग्नलची ट्रॅक सर्किट बदलायची, कारण गाडीचीच वीज एसी झाली की जुनी सर्किटं गोंधळतात. दूरध्वनीच्या केबलींना कवच घालायचं. मुंबईकरांनी या काळात मेगाब्लॉकला शिव्या दिल्या, आणि त्या समजण्यासारख्याही होत्या. पण रविवारी दुपारी आणि मध्यरात्री तारेच्या टॉवर वॅगनवर उभं राहून जे काम झालं, तेवढं मोठं काम चालत्या शहरात फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

५ फेब्रुवारी २०१२ रोजी पश्चिम रेल्वेची उपनगरी वाहतूक पूर्णपणे एसीवर गेली. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग टप्प्याटप्प्याने, २०१५च्या जूनपर्यंत. शेवटचा उरला हार्बर, जिथे १९२५ मध्ये सुरुवात झाली होती. ९ एप्रिल २०१६च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीकडे शेवटची डीसी लोकल आली.

रुळांवरून डीसी जात असताना दुसऱ्या वाटेने तो महाराष्ट्रात आधीच परत आला होता. आणि यावेळी प्रचंड व्होल्टेजवर. विदर्भात कोळसा, कोकणपट्टीत मागणी, मध्ये साडेसातशे किलोमीटर. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज भिवंडीजवळच्या पडघ्याला आणण्यासाठी ±५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॉट क्षमतेची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या डीसीची, वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. चंद्रपुरात एसीचा डीसी, पडघ्यात डीसीचा पुन्हा एसी, दोन्हीकडे थायरिस्टरच्या उंच व्हॉल्व्हमध्ये. या तंत्राचं मूळ पाऱ्यातच आहे. स्वीडनच्या उनो लाम यांनी मर्क्युरी आर्क व्हॉल्व्ह इतके दणकट केले की १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीवरून समुद्राखालून गॉटलंड बेटापर्यंत १०० किलोव्होल्टवर डीसी नेता आला. रेल्वेने वापरलेला पारा तिथे वीजवहनाच्या कामी आला.

लांब एसी वाहिनीपेक्षा डीसी का? तारा तीनऐवजी दोन, दूरवर वीज वाहताना होणारी घट कमी, आणि किती मेगावॉट सोडायचे ते थायरिस्टरच्या इशाऱ्याने ठरवता येतं. एसीच्या जाळ्यात वीज आपल्या वाटेने जाते. एचव्हीडीसीत आपण सांगू तेवढीच जाते. चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला १००० मेगावॉटचं दुसरं केंद्र आहे, बॅक-टू-बॅक. तिथे वाहिनी नाहीच: एका इमारतीत एसीचा डीसी आणि लगेच डीसीचा एसी. पश्चिम आणि दक्षिण भारताची जाळी वेगवेगळ्या तालावर चालत होती तेव्हा त्यांच्यात वीज फिरवायला हा दरवाजा होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दोन्ही जाळी एका तालावर आणली, तोवर भद्रावतीचा दरवाजा आपलं काम करत होता.

थायरिस्टर काम करताना एक घाण मागे सोडतो. एसीची लाट गोल, सुबक असायला हवी. थायरिस्टर ती हवी तिथे कापतो, आणि कापलेल्या लाटेत ५० हर्ट्‌झच्या पटीतल्या छोट्या लाटा मिसळतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. बारा स्पंदांच्या कन्व्हर्टरमध्ये मुख्यतः ५५० आणि ६५० हर्ट्‌झच्या. त्यांनी शेजारच्या कारखान्यातले कपॅसिटर तापतात, मोटारी फुकट गरम होतात. म्हणून पडघ्यासारख्या केंद्रात कन्व्हर्टरइतकीच महत्त्वाची असतात ती बाहेर अंगणात मांडलेली फिल्टरची कॉइलं आणि कपॅसिटर. विजेची गुणवत्ता राखण्याची ही बाजू लोकांच्या नजरेत येत नाही, कारण ती नीट चालली की काहीच घडत नाही.

रेल्वेच्या एसीनेही अशीच नवी डोकेदुखी आणली. जाळ्यात तीन फेज, रेल्वे घेणार दोनच. एका बाजूला भार, दुसरी मोकळी, आणि जनरेटर वाकडे ओढले जातात. उपाय म्हणून एका टीएसएसने एक जोडी घ्यायची, पुढच्याने दुसरी. दोघांच्या हद्दीवर मग तारेचा एक मृत तुकडा ठेवावा लागतो, न्यूट्रल सेक्शन. मोटरमन तिथे वीज बंद करून गाडी वेगावर सोडतो. जुन्या टॅप चेंजरवाल्या इंजिनांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा, कमी असे. टीएसएसवर कपॅसिटर लावून तो सुधारावा लागे, नाहीतर वीज कंपनीचा दंड. आयजीबीटीच्या गाड्या लाटेला लाट जुळवूनच वीज घेतात, त्यामुळे हा प्रश्न बराच हलका झाला.

वीज बदलण्याच्या या शास्त्राला नाव आणि दिशा देणाऱ्यांत नारायण हिंगोरानी हे नाव मोठं आहे. सिंधमध्ये जन्मलेले, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले, पुढे अमेरिकेत गेलेले. ऐंशीच्या दशकात त्यांनी फॅक्ट्सची कल्पना मांडली: कन्व्हर्टरचं तंत्र फक्त डीसीसाठी न ठेवता एसीच्या जाळ्यातही जागोजागी बसवावं आणि व्होल्टेज क्षणात सावरावं. सोलापूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पॉवरग्रिडने बसवलेले व्होल्टेज सावरणारे स्टॅटकॉम हे त्याच कल्पनेचं रूप. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल वाढतील तसे असे आणखी लागतील.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे परिसरातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई अंधारली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या काळात रुग्णालयं जनरेटरवर गेली. शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून वाचवणारी आयलंडिंग व्यवस्थाही त्या दिवशी तारू शकली नाही. वीज साठवून ठेवण्याचा प्रश्न शहराने तेव्हा पुन्हा गंभीरपणे घेतला.

साठवणुकीचा सह्याद्रीचा स्वतःचा मार्ग आहे. भिऱ्याला नव्वदच्या दशकात १५० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज संच बसला. मागणीच्या वेळी मुळशीचं पाणी खाली सोडून वीज करायची, रात्री स्वस्त वीज वापरून तेच पाणी पाचशे मीटर वर चढवायचं. २००८ मध्ये घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आला, वरचं धरण अहिल्यानगर जिल्ह्यात, खाली उतरताना ठाण्याची हद्द. पाणी वर नेताना आणि खाली आणताना वीस-पंचवीस टक्के वीज हरवते, पण कोळशाचं केंद्र क्षणात वरखाली करता येत नाही आणि पाणी करता येतं.

जुन्या पंप्ड संचांचा वेग ठरलेला असतो. पंप करताना किती वीज घ्यायची, ते कमीजास्त करता येत नाही. उत्तराखंडात टिहरीला १००० मेगावॉटचा देशातला पहिला व्हेरिएबल स्पीड प्रकल्प आला, त्यात फिरत्या यंत्राला कन्व्हर्टरची जोड आहे. ढग आला आणि सौर वीज पडली की पंपाचा भार क्षणात घटवता येतो, ऊन पडलं की वाढवता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी २,८०० मेगावॉटच्या दोन पंप्ड प्रकल्पांसाठी करार केला: भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८००. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी. शिरवता पुणे जिल्ह्यातल्या मावळात आहे, भिवपुरी रायगडातल्या कर्जत तालुक्यात, आणि जमिनीची, जंगलाची, पाण्याची चर्चा दोन्हीकडच्या ग्रामसभांत गावकऱ्यांच्या तोंडून व्हायला हवी.